पणजीचा ब्रोच गळ्यात घालायचा आहे

ताई,
पणजीकडून आजीकडे, आजीकडून आईकडे आणि आता माझ्याकडे आलेला हिऱ्यांचा एक ब्रोच आहे. फुलांची डहाळी आहे, साधारण पाच सेंटिमीटर लांब. समोरून काळवंडलेली चांदी, मागून सोनं. मधल्या फुलात एक मोठा हिरा, पाकळ्यांत आणि पानांत बारीक हिरे. एका पानातला खडा पडलाय. मागे ‘१५’ असा पुसट आकडा दिसतो. आईने तो आयुष्यभर कपाटात ठेवला. ‘कुठं लावणार? कापड फाटतं,’ म्हणायची. दोन वर्षांपूर्वी आई गेली. मलाही ब्रोच लावायची सवय नाही, पण पेंडंट झालं तर मी ते नक्की घालीन. सोनाराला दाखवला तर ते म्हणाले, ‘हिरे जुन्या कटाचे आहेत, चमक नाही. मधल्यात तर काळा ठिपका आहे. मोडून टाका. नवे पैलू पाडून घेऊ आणि छान पेंडंट करू.’ भाऊ म्हणतो, ‘पणजीच्या वस्तूला हात लावायचा नाही.’ मोडला तर मला अपराधी वाटेल आणि न मोडावा तर तो पुन्हा कपाटातच पडून राहील. काय करू?
– एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

मोडू नका. आणि कपाटातही ठेवू नका.

तुमच्यासमोर दोनच वाटा आहेत असं तुम्हाला वाटतंय, कारण सोनाराने एक सांगितली आणि भावाने दुसरी. पण ब्रोच जसा आहे तसाच ठेवून तो गळ्यात घालता येतो. त्यासाठी एकही हिरा कोंदणातून काढावा लागत नाही. जुन्या दागिन्यांबरोबर मी बरीच वर्षं काढली आहेत आणि अशा वेळी मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: आज आपण जे करतोय, ते पन्नास वर्षांनी कुणाला उलटं फिरवता येईल का? येत असेल तर बिनधास्त करावं. येत नसेल तर हात आवरावा. या उत्तरातलं बाकी सगळं त्या प्रश्नातूनच आलंय.

आधी तुमच्या हातात काय आहे ते पाहू. मागचा ‘१५’ हा आकडा मोठा बोलका आहे. सोन्याचा कॅरेट म्हणजे चोवीस भागांत किती भाग शुद्ध सोनं, हे तुम्हाला माहीत असेलच. (हिऱ्याचा कॅरेट वेगळा. ते वजन आहे, एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. शब्द एकच असल्याने दुकानात फार गोंधळ होतो.) पंधरा कॅरेटचं सोनं ब्रिटनमध्ये १८५४ ते १९३२ एवढ्याच काळात अधिकृत होतं. तेव्हा तो आकडा खरोखर सोन्याच्या प्रतीचा असेल तर ब्रोच त्या काळातला असणार. समोर चांदी असल्यामुळे अंदाज आणखी मागे सरकतो. पिवळ्या सोन्यात बसवलेला पांढरा हिरा पिवळसर दिसतो, म्हणून जुने कारागीर हिऱ्याभोवती चांदी वापरत. मागे सोनं जोडत, म्हणजे चांदीचा काळेपणा कपड्याला लागत नाही आणि दागिन्याला बळकटीही येते. प्लॅटिनम हाताळणं सोपं झाल्यावर ही पद्धत मागे पडली. प्लॅटिनम वितळायला १७६८ अंश सेल्सियस लागतात. तेवढी आंच देणारी उपकरणं कार्यशाळांत रुळली ती साधारण १९०० च्या आसपास. त्यामुळे तुमचा ब्रोच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा त्याला लागूनचा असावा, असं मी पत्रावरून म्हणेन. प्रत्यक्ष पाहणारा जाणकार त्याहून नेमकं सांगेल. पिनही बघा. तिचं टोक ब्रोचच्या कडेबाहेर आलेलं असेल आणि ती साध्या उघड्या आकड्यात अडकत असेल, फिरवून बंद करायचं कुलूप नसेल, तर तीही जुनेपणाचीच खूण.

आता त्या ‘काळ्या ठिपक्या’बद्दल, कारण तो वाचून मला खरोखर वाईट वाटलं. तो डाग नाही. जुन्या हिऱ्यांचं खालचं टोक कारागीर मुद्दाम सपाट घासत, म्हणजे ते टवकत नसे. वरून पाहिलं की त्या सपाट जागेतून उजेड आरपार निघून जातो आणि मधोमध एक छोटं काळसर वर्तुळ दिसतं. हिरा हाताने घडवलेला आहे, जुना आहे, याची ती सही समजा. ज्यांना जुन्या हिऱ्यांची आवड आहे ते लोक भिंग लावून तेच शोधतात.

आणि चमक? जुना कट म्हणजे थोडा चौकोनी गोलसर आकार, वरचा सपाट भाग लहान, माथा उंच, पोट खोल, पैलू मोठे. आज आपण पाहतो त्या गोल हिऱ्याची मापं मार्सेल टोल्कोव्स्की या अभियंत्याने १९१९ मध्ये गणिताने मांडली. वरून आलेला जास्तीत जास्त उजेड पुन्हा वरच फेकावा, हा त्याचा हिशेब होता. म्हणून नवा हिरा दुकानाच्या झगझगीत दिव्यांखाली बारीक बारीक चमचमतो. जुना हिरा मेणबत्तीच्या, कंदिलाच्या काळात घडला. त्याचे मोठे पैलू रंगांचे मोठे, सावकाश लोळ फेकतात. दुकानाच्या दिव्यांखाली त्याची कसोटी घेऊच नये. रात्री खोलीत एकच पिवळा दिवा ठेवा आणि ब्रोच हातात घेऊन हळूहळू कलता करा. पाच मिनिटं द्या त्याला.

नव्याने पैलू पाडण्याबद्दल मी ठाम नाहीच म्हणेन. हिरा घासला की वजन जातं आणि ते परत येत नाही. कोहिनूर १८५२ मध्ये नव्याने घडवला तेव्हा त्याचं चाळीस टक्क्यांहून जास्त वजन गेलं आणि १०५.६ कॅरेट उरले. तुमच्या हिऱ्याचं नुकसान त्या प्रमाणात होईलच असं नाही, पण वजन घटेल, जुना कट जाईल, आणि लहान झालेला हिरा त्याच्या मूळ कोंदणात बसणार नाही. मग कोंदणही नवं, मग फूलही नवं, आणि पाहता पाहता पणजीचं काहीच उरणार नाही. तुमचे सोनार खोटं बोलले असं मला म्हणायचं नाही. नवं घडवणं हा त्यांचा रोजचा धंदा आहे आणि त्यांच्या नजरेत हिरा म्हणजे नवा गोल हिरा. पण या कामासाठी जुने दागिने दुरुस्त करणारा माणूस हवा.

चमक नसण्याचं दुसरं कारण अगदी साधं असू शकतं: मळ. हिऱ्याला तेलकटपणा फार लवकर धरतो. इतका, की दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत हिरे वेगळे करण्यासाठीच त्याचा उपयोग करून घेतला गेला. ग्रीस फासलेल्या उतरत्या टेबलावरून खडी आणि पाणी सोडायचं; दगड वाहून जात आणि हिरे ग्रीसला चिकटून राहत. तुमच्या ब्रोचमागे तीन पिढ्यांची पावडर, साबण आणि बोटांचा ओशटपणा बसलेला असेल. मधला हिरा मागून मळाने बंद झाला असेल तर तो चमकणार कसा?

पण थांबा, लगेच धुवायला घेऊ नका. आधी ब्रोच उलटा करून प्रत्येक खड्याची पाठ बघा. मागून खडा दिसतोय, म्हणजे कोंदण उघडं आहे, की मागे धातूचा पत्रा आहे? बारीक हिरे बहुधा गुलाबकटाचे असतील, म्हणजे खालून सपाट आणि वरून घुमटासारखे. अशा खड्यांच्या मागे जुने कारागीर कधी कधी चकाकता पातळ वर्ख घालून कोंदण मागून बंद करत. वर्खामुळे पातळ हिराही उजळून निघतो. त्या बंद कोंदणात पाणी शिरलं की वर्ख काळा पडतो, आणि मग खडा कायमचा मेलेला दिसतो.

हे मी स्वतः भोगलंय. माझ्या आईच्या कानांतल्या जुन्या कुड्या मी एकदा एका दुकानात साफ करायला दिल्या. त्यांनी त्या आवाजाच्या कंपनांनी साफ करणाऱ्या यंत्राच्या पाण्यात टाकल्या. परत आल्या तेव्हा एका कुडीतले चार खडे राखाडी झाले होते. मी आधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी मागची बाजू पाहिली नव्हती. आजही त्या कुड्या हातात घेतल्या की माझी नजर आधी त्या चार खड्यांवर जाते. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे: ते यंत्र नको, वाफेची फवारणी नको आणि ‘बुडवा आणि काढा’ अशी चांदीची औषधंही नकोत. मागे एकही कोंदण बंद असेल तर घरी फक्त कोरडा, अगदी मऊ ब्रश. सगळी कोंदणं उघडी आहेत अशी जाणकाराने खात्री दिली, तर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश, तोही मागच्या बाजूने. खाली वाटी ठेवा, नळाखाली धरू नका. सुटलेला खडा वाटीत सापडतो, मोरीत गेला की गेला.

चांदीचा काळेपणा मात्र सगळा काढू नका. खाचांमधला काळा रंग पाकळ्यांना उठाव देतो. तो घासून काढला की फूल सपाट दिसायला लागतं. ‘समोरून रोडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा देतो, कायम पांढरं राहील’ असं कुणी सुचवेल, तेही नको. चांदी झाकली जाते, आणि पुढे तो मुलामा जागोजाग झिजला की दागिना ठिगळ लावल्यासारखा दिसतो.

आता मुख्य काम. गळ्यात कसा घालायचा?

सगळ्यात आधी, मागे एखादं आटे असलेलं छोटं भोक किंवा नळी आहे का ते भिंगाने पाहा. एकोणिसाव्या शतकातले बरेच दागिने मुळातच बदलते असत. एकच तारा कधी ब्रोच, कधी केसांतला दागिना, कधी गळ्यातलं पदक. मागची पिन स्क्रूने काढायची आणि दुसरा भाग बसवायचा. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिचं १८६५ चं चित्र प्रसिद्ध आहे, केसांत हिऱ्यांचे तारे माळलेलं. तसे तारे त्यानंतर अनेक बायकांनी हौसेने करून घेतले आणि ते ब्रोच म्हणूनही लावले. तुमच्या ब्रोचची पिन स्क्रूने निघत असेल तर तुमचं नशीब थोर. मूळ कारागिराने तुमच्यासाठी दार उघडं ठेवलंय. त्याच आट्यांवर बसणारी कडी करून घ्यायची, बस्स.

तसं नसेल तर ब्रोच कन्व्हर्टर नावाची एक छोटी वस्तू मिळते. बारीक नळी आणि तिला वर जोडलेली कडी, एवढंच. पिन उघडायची, नळी पिनेवर सरकवायची, पिन बंद करायची आणि कडीतून साखळी ओवायची. झालं पेंडंट. काढलं की पुन्हा ब्रोच. पिन आडवी आहे की उभी, त्याप्रमाणे त्याचे प्रकार असतात. आणि नळीचं भोक तुमच्या पिनेच्या जाडीएवढंच हवं. सैल असेल तर दागिना सतत एका बाजूला घसरतो.

मी तुम्हाला सुरुवात यानेच करायला सांगेन, पुढे पक्की कडी लावायची असली तरीही. दोन-तीन महिने असा घालून बघा. कितपत जड वाटतो, केसांत अडकतो का, पुढे झुकतो का, मुळात तुम्हाला तो घालावासा वाटतो का, हे सगळं त्या काळात कळेल. एकच काळजी घ्या. जुन्या उघड्या आकड्याला कुलूप नसतं, तेव्हा पिनेत ताण शिल्लक हवा. पिन वाकली असेल, ढिली असेल, बिजागरी खुळखुळत असेल, तर आधी ती दुरुस्त करून घ्या. पिनेचं टोक कडेबाहेर येऊन गळ्याला टोचत असेल तर ते कापू नका. टोकावर रबराचं छोटं टोपण बसतं.

घरी आणखी एक प्रयोग करा. पलंगावर जाड चादर घाला, तिथे बसा, आणि ब्रोचच्या जाळीतून, खड्यांना न लागता, साधा दोरा ओवून तो उचलून धरा. आधी मधोमध, मग वरच्या टोकाजवळ, मग आडवा, दोन ठिकाणी दोरे घालून. आरशासमोर धरून बघा. मागे बरोबर मध्यावर कडी लावली तर पेंडंट हमखास पुढे तोंड घालतं, कारण हिऱ्यांचं वजन समोर असतं. लटकण्याची जागा वजनाच्या मध्याच्या बरीच वर, वरच्या एक तृतीयांश भागात असेल, तर ते सरळ राहतं. डहाळी उभी लटकवायची असेल तर एक कडी पुरते. आडवी हवी असेल तर दोन टोकांना दोन कड्या आणि साखळी दोन्हींकडून, म्हणजे ती भेलकांडत नाही. माझी आवड विचाराल तर डहाळी किंचित तिरकी, फूल वर आणि पानं खाली, अशी फार सुंदर दिसते. पण तुम्ही दोऱ्यावर बघूनच ठरवा. इथे चूक झाली तर फक्त दोरा काढायचा असतो.

कन्व्हर्टरने समाधान झालं नाही आणि पक्की कडी लावायचं ठरलं, तर ती कुठे आणि कशी लागते यावर सगळं अवलंबून आहे. कडी मागच्या सोन्याला जोडायची, समोरच्या चांदीला नाही. शिक्क्यापासून लांब जोडायची; तो ‘१५’ आकडा आणि जवळ दुसरी काही खूण असेल तर ती डाखाखाली (जोडणीसाठी वितळवलेल्या धातूखाली) गेली की दागिन्याचं जन्मपत्रच पुसलं जातं. शक्य असेल तर मागच्या आडव्या सोन्याच्या पट्टीला फक्त बारीक आटे असलेली एक नळी जोडून घ्यावी आणि कडी स्क्रूने बसणारी करावी. म्हणजे पिनही जागेवर राहील आणि कडी नको तेव्हा काढता येईल.

डाख लावण्याआधी कारागिराने मागची बाजू शिशाच्या डाखासाठी तपासलीच पाहिजे. जुन्या दागिन्यांवर मधल्या काळात कुणीतरी घाईघाईने कथील-शिशाचा मऊ डाख वापरून दुरुस्ती केलेली असते. करडा, मंद, ओघळ सुकल्यासारखा गोळा दिसला की समजा तेच. कथील-शिशाचं मिश्रण जेमतेम १८३ अंशांनाही वितळू शकतं. त्या जागी सोन्याच्या डाखाची आंच गेली की वितळलेलं शिसं सोन्या-चांदीत उतरतं आणि धातू खात जातं. चांगला धातू चाळणीसारखा होतो. आधी तो डाख पूर्ण काढायचा, मगच आंच. ‘शिशाचा डाख आहे का ते बघितलंत का?’ एवढं विचारा. समोरच्या माणसाला जुन्या कामाची किती माहिती आहे, ते उत्तरावरून लगेच कळेल.

लेझरने जोडणारा कारागीर मिळाला तर उत्तम. लेझरची उष्णता अगदी टिंबाएवढ्या जागेत राहते, शेजारच्या खड्याला ती जाणवतही नाही. चांदी मात्र उजेड परतवते आणि उष्णता झटकन पसरवते, म्हणून तिच्यावर लेझर नीट चालत नाही. सोन्यावर जोडण्याचं हे आणखी एक कारण. साध्या ज्योतीवरच काम करायचं असेल तर हिऱ्यांवर बोरिक अॅसिडचा लेप देऊन हवा तोडतात, कारण हिरा शेवटी कोळशाचाच भाऊ, फार तापला आणि हवा मिळाली की वरून जळतो आणि दुधाळ होतो. मागे वर्ख असलेल्या कोंदणाजवळ तर ज्योत नकोच.

पडलेल्या खड्याच्या जागी नवा गोल हिरा बसवू देऊ नका. शेजाऱ्यांमध्ये तो ट्यूबलाइटसारखा वेगळा दिसेल. मोडक्या जुन्या दागिन्यांतून निघालेले त्याच कटाचे बारीक हिरे दुरुस्ती करणाऱ्यांकडे असतात. नसतील तर थांबा. रिकाम्या कोंदणाने काही बिघडत नाही. उलट बाकीचे खडे घट्ट आहेत का, हे त्याहून महत्त्वाचं. ब्रोच कानाजवळ धरून बोटाने हलकेच टिचकी मारा. बारीक खुळखुळ ऐकू आली तर कुठलातरी खडा हलतोय, आणि तो बसवल्याशिवाय ब्रोच गळ्यात घालायचा नाही. छातीवर पिनेने घट्ट बसलेला ब्रोच आणि दिवसभर झुलणारं पेंडंट यांत फरक आहे. झुलताना ते टेबलाच्या कडेला, बटणाला, गाडीच्या पट्ट्याला आपटतं. हिरा सगळ्यांत कठीण असला तरी तो ठिसूळ आहे. चार दिशांना त्याच्या फुटण्याच्या रेषा असतात आणि नेमक्या जागी फटका बसला तर तो चिरतो. जुन्या हिऱ्यांची कड पुष्कळदा पातळ असते, ती आधी टवकते.

साखळी निवडताना कडीतून तिचा आकडा सहज जाईल एवढं बघा, नाहीतर दर वेळी ओढाताण होऊन कडीच वाकते. पाच सेंटिमीटरच्या डहाळीला दोऱ्यासारखी बारीक साखळी शोभत नाही आणि पेलतही नाही. साखळी आणि दागिना यांमध्ये एक सुटी, बदलता येणारी कडी ठेवा. घर्षणाने झिजायचं ते तिनं झिजावं, ब्रोचला जोडलेल्या भागाने नाही. वर्षातून एकदा ती भिंगाखाली बघून घ्या.

दागिना कारागिराच्या हातात देण्याआधी दिवसाच्या उजेडात समोरून, मागून आणि कडेने फोटो काढा. खडे मोजा. मोठा किती, बारीक किती, कुठला पडलेला. ग्रॅममध्ये वजन करून पावतीवर लिहून घ्या. ‘खडे काढायचे नाहीत, पैलू पाडायचे नाहीत, मुलामा नाही, शिक्क्याला धक्का नाही, काढलेला प्रत्येक भाग परत’ ही पाच वाक्यं पावतीवर त्यांच्या अक्षरात हवीत. चांगला कारागीर यावर रागावत नाही. उलट त्याला बरं वाटतं, कारण समोरच्याला वस्तूची किंमत कळते हे त्याला समजतं. घाईत ‘ठेवून जा, बघतो’ म्हणणाऱ्याकडे ठेवू नका.

तुम्ही पत्रात विचारलेलं नाही, पण मनात असेल म्हणून लिहिते: हे खरे हिरेच आहेत का? जुन्या दागिन्यांत शिशाची चमकदार काच, स्फटिक, पांढरा नीलम असं काहीही असू शकतं, आणि हिऱ्यांबरोबर मिसळलेलंही असू शकतं. कोंदणात बसलेल्या खड्याचं वजन मापांवरून अंदाजानेच काढतात. अचूक वजनासाठी तो काढावा लागेल, आणि एवढ्यासाठी मी तो काढणार नाही. जुन्या दागिन्यांच्या मूल्यांकनकाराकडून आहे तसाच लेखी अहवाल घ्या, विमाही त्यावरच उतरवा. पक्की कडी लावलीत तर अहवालात तसं नोंदवून घ्या. समजा एखादा खडा काचेचा निघाला, तरी मूळ कारागिराने बसवला असेल तर तो तिथेच राहू द्या.

मी कधीच मोडू नका म्हणते असं नाही. अर्धा तुटलेला, चारदा शिशाने डागलेला, निम्मे खडे गेलेला तुकडा असेल, किंवा जोडीतली एकच कुडी उरली असेल, तर तिचं पेंडंट करण्याला माझा आनंदाने होकार असतो. एकटी कुडी तर पेंडंट व्हायलाच जन्मल्यासारखी असते. पण तुमची डहाळी पूर्ण आहे. एक पान रिकामं आहे, एवढंच.

राहता राहिला भाऊ. त्याला कायद्याने किंवा वादाने पटवायला जाऊ नका. ‘हात लावायचा नाही’ असं तो म्हणतो, कारण ‘मोडायचा’ हा शब्द त्याने ऐकलाय. आईच्या मागे घरात जे थोडं उरलंय त्यातलं हे एक आहे, हे त्यालाही तुमच्याइतकंच ठाऊक आहे. कन्व्हर्टर आणला की पहिल्यांदा त्याच्यासमोर घाला. मग साखळी काढा, नळी सरकवून बाजूला ठेवा, पिन लावा आणि ब्रोच त्याच्या तळहातावर द्या, आईच्या कपाटात होता तसाच.

– तुमची ताई